कपाटाला जामीन कोण?

आमच्या बँकेच्या काउंटरवर कर्ज मागायला माणूस आला, की आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारतो, "जामीनदार कोण?" समोरचा माणूस दिसायला पैलवान असला तरी त्याच्या दंडाकडे पाहून आम्ही कर्ज देत नाही. हा उद्या कोसळला तर याला धरणारा कोण, एवढंच आम्हाला पाहायचं असतं. गेली एकवीस वर्षं मी हा प्रश्न विचारतो आहे. (आमच्या पदाला हल्ली 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं मालगाडीसारखं लांब नाव दिलं आहे. पण माणूस क्लार्कच, आणि खुर्चीही तीच, डावीकडे कललेली.) असा हा मी, बी. कॉम. सेकंड क्लास, सहा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांचं एक कपाट विकत आणतो, पोटच्या पोरीच्या खोलीत उभं करतो आणि नेमका हाच प्रश्न त्याला विचारायला विसरतो, याला काय म्हणावं? आमची सौ. जे म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही. म्हणून मीच माझ्या शब्दांत सांगतो.

वादाचा विषय साधा आहे. हे जे स्वस्तातलं, खोक्यातून सुटं येणारं आणि घरी आपलं आपण जोडायचं फर्निचर असतं, ते लहान मुलाच्या खोलीत ठेवण्याइतकं मजबूत असतं की नसतं? यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. 'असतं' म्हणणारा मी, आणि 'नसतं' म्हणणारे माझे सासरे. सौ. अर्थातच सभापती, म्हणजे बोलणार सगळ्यांत जास्त आणि मत देणार शेवटी. आज मी जाहीर कबुली देतो, की आम्ही दोघेही चुकत होतो. मात्र आमच्याहून मोठी चूक करणारे आणखी काही लोक मोकळे हिंडताहेत, आणि त्यांच्याशी भांडण्यासाठीच मी आज लेखणी हातात घेतली आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. मला कन्यारत्न झालं ते त्रेचाळिसाव्या वर्षी. ज्या वयात माझे बरोबरीचे लोक मुलांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पी. एफ.मधून पैसे काढत होते, त्या वयात मी कॅलेंडरवर लशीच्या तारखांभोवती लाल गोल काढत होतो. उशिरा झालेल्या बापाचा उत्साह हा उशिरा आलेल्या बढतीसारखा असतो. त्याचं काय करावं हे कळत नाही. त्यातच बेंगळुरूच्या मेव्हणीनं फोनवर विचारलं, "भावोजी, नर्सरीचं काय केलंत?" नर्सरी म्हणजे मला दोनच गोष्टी ठाऊक. एक, जिथे गुलाबाची कलमं मिळतात आणि घरी आणल्यावर मरतात ती जागा. दुसरी, जिच्या फॉर्मसाठी पहाटे चारला रांगेत उभं राहावं लागतं ती शाळा. मी म्हटलं, "अजून दोन वर्षं आहेत की." तेव्हा तिनं खुलासा केला, की बाळाच्या खोलीला नर्सरी म्हणतात.

आम्ही राहतो ठाण्याला, भाड्याच्या जागेत. तिथली दुसरी खोली आठ बाय नऊ. बिल्डरनं तिला बेडरूम म्हटलं आहे. एखाद्या वाण्यानं तिला कोठी म्हटलं असतं. या खोलीत सासऱ्यांनी लग्नात दिलेला सागवानी दिवाण होता, घडीचं इस्त्रीचं टेबल होतं, आणि कधीतरी वाचू म्हणून साठवलेले दिवाळी अंक होते. दिवाळी अंक माळ्यावर गेले, टेबल दाराआड गेलं. दिवाण मात्र जागचा हलेना, म्हणून तो तसाच ठेवून त्याच्या समोरच्या भिंतीशी बाळाच्या कपड्यांसाठी कपाट घ्यायचं ठरलं. सुताराला विचारलं. त्यानं कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर हिशेब मांडला आणि तीस हजार म्हणाला. तो आकडा अजून त्या भिंतीवर आहे. तीस हजारांत बाळाचे कपडे मीच हातावर घेऊन जन्मभर उभा राहिलो असतो. म्हणून मग ते सहा हजार नऊशे नव्व्याण्णवचं, चार ड्रॉवरचं, माझ्या छातीइतकं उंच कपाट. कंपनीचं नाव सांगत नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाही, एका पद्धतीशी आहे.

खोकं आलं एका शनिवारी. रविवारी सकाळी नऊला मी ते उघडलं. आत फळ्या, स्क्रूच्या पुड्या, लाकडी खुंट्या, बटणासारख्या गोल कळा, एक वाकडी षट्कोनी किल्ली आणि अठ्ठावीस पानांचं पुस्तक, ज्यात एकही अक्षर नव्हतं! नुसती चित्रं. माणूस एकदा वाचायला शिकला, की त्याला चित्रं कळेनाशी होतात. मी डावी फळी उजवीकडे लावली, ती काढली, पुन्हा लावली. दुपारी दोनला सौ. डोकावून म्हणाली, "अहो, जेवायला येताय की ते जोडून झाल्यावर त्यातच बसताय?" संध्याकाळी साडेसहाला कपाट उभं राहिलं. चारही ड्रॉवर सरकत होते, त्यातले तीन तर हाक मारताच.

आणि एक छोटी पिशवी उरली. तिच्यात इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन लोखंडी पट्ट्या, चार स्क्रू, आणि भिंतीत ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या चार गिट्ट्या. मी सौ.ला म्हटलं, "बघ, कंपनी किती मोठ्या मनाची आहे! जास्तीचं सामान दिलंय." आणि ती पिशवी मी बिस्किटांच्या त्या डब्यात टाकली, ज्यात कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या असतात.

आता गंमत बघा. आमच्या बँकेत दिवसाची अखेर करताना कॅश चार रुपये कमी भरली तर चूक असतेच, पण चार रुपये जास्त भरली तरी ती तितकीच चूक असते. रात्रीचे नऊ वाजले तरी ते चार रुपये कुठले हे सापडल्याशिवाय आम्हाला कोणी घरी सोडत नाही. जास्त उरणं म्हणजे कुठंतरी काहीतरी व्हायचं राहिलं आहे, हे ज्याला एकवीस वर्षं शिकवलं, तो मी घरी उरलेली पिशवी पाहून खूश झालो! परक्याच्या पैशांबाबत माणूस जितका सावध असतो तितका स्वतःच्या संसारात नसतो, हेच खरं.

पुढच्याच महिन्यात चिपळूणहून सासरे आले. त्यांनी कपाटावर दोन टिचक्या मारल्या, नारळ बघतात तशा, आणि म्हणाले, "जावईबापू, हे कपाट आहे की पापड? भुसा आहे हा, भुसा!" मग त्यांच्या आजोबांनी करवून घेतलेल्या सागवानी कपाटाची कथा झाली. हलवायला चार गडी लागतात, २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तरी कपाट पुसून पुन्हा उभं, वगैरे. ही कथा मला पाठ आहे. मी म्हटलं, "अण्णा, ते कपाट तीन पिढ्यांचं आहे, पण माझा पगार याच पिढीतला आहे." सासरे हसले नाहीत. सागवानावर विनोद केलेला त्यांना चालत नाही.

कन्या सोळा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. रविवारच होता. मी बाहेर पेपर वाचत होतो. आत कन्येनं सगळ्यांत खालचा ड्रॉवर उघडला. मग दुसरा उघडला. मग तिच्या लक्षात आलं, की हा तर जिना आहे. ती पहिल्या ड्रॉवरमध्ये उभी राहिली, दुसऱ्यावर गुडघा टेकला आणि तिसऱ्याला हात घालून तो ओढला. माझ्या कानावर आला तो फक्त 'धाड' असा आवाज.

आत गेलो तर कपाट पुढे झुकलेलं, त्याचं डोकं समोरच्या दिवाणाच्या कडेवर टेकलेलं, आणि खाली जो त्रिकोण उरला होता त्यात झबली, टोपडी, दुपटी यांचा ढीग. त्या ढिगाखाली ती होती. ती रडायला लागेपर्यंत तीन-चार सेकंद गेले असतील. त्या सेकंदांवर मला विनोद करता येत नाही. करून पाहिला.

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. खोली लहान म्हणून ज्या बिल्डरला मी वर्षभर शिव्या घातल्या, त्याच्यामुळे माझी मुलगी वाचली. खोली आणखी दोन फूट लांब असती, तर कपाट दिवाणापर्यंत पोचलंच नसतं. ते सरळ जमिनीपर्यंत गेलं असतं.

सासऱ्यांना फोन केला. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग घसा साफ करून म्हणाले, "बघा, शेवटी सागवानाच्या दिवाणानंच पोरीला धरलं." त्या दिवशी मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकवल्यावर एक मुलगा बोलायला आला. गोड आवाजात म्हणाला, "सर, पान नंबर सव्वीस बघा. भिंतीला बांधायचं दाखवलंय. पिशवीत किट दिलंय." मी पुस्तक काढलं. सव्विसाव्या पानावर खरोखरच एक त्रिकोण होता, त्यात उद्गारचिन्ह, शेजारी कलतं कपाट आणि एक छोटं मूल. ते चित्र मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, ते कंपनीच्या वकिलासाठी असेल. मी त्या मुलावर ओरडणार होतो, पण तोंडातून शब्द फुटेना. कारण 'पान सव्वीस बघा' हे वाक्य माझंच होतं. "अर्जाच्या मागे छापलंय, वाचायला हवं होतं," असं मी रोज निदान चार माणसांना सांगतो, आणि तितक्याच गोड आवाजात.

मग पिशवी घेऊन घरमालकांकडे गेलो. सज्जन गृहस्थ आहेत, याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाले, "साहेब, करार बघा. कलम चौदा. भिंतीला खिळा, स्क्रू, हूक काहीही ठोकायचं नाही. गेल्या वर्षीच रंग काढलाय." करार अकरा महिन्यांचा, आणि त्यावर सही माझी.

म्हणजे वाचकहो, हिशेब कसा लागला पाहा. कंपनीनं किट दिलं होतं, तिचा दोष नाही. मालकानं कलम घातलं होतं, त्याचा दोष नाही. मी पैसे रोख मोजले होते आणि करारावर सही केली होती, माझाही दोष नाही. कागदोपत्री सगळे निर्दोष, आणि पोरगी कपाटाखाली! बँकेत याला आम्ही बुडीत कर्ज म्हणतो. त्याच्या फायलीतही सगळे कागद असेच व्यवस्थित असतात.

आता मुद्द्यावर येतो. हे खोक्यातलं फर्निचर मुळातच कुचकामी आहे, हा सासऱ्यांचा मुद्दा मला मान्य नाही. सुटं पाठवून जोडायचं फर्निचर ही कालची टूम नव्हे. थोनेट नावाच्या कारखानदारानं १८५९ साली चौदा नंबरची खुर्ची काढली. लाकूड वाफेवर वळवलेलं, मोजकेच भाग, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब, रुंद, उंच अशा एका खोक्यात मावत. आपल्या मुंबईतल्या इराण्याकडच्या त्या वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. तिथे बसून बन-मस्का खाताना पिढ्यांमागून पिढ्या जाड झाल्या, पण त्या खुर्च्या बसल्या नाहीत. तेव्हा नुसतं सुटं आलं म्हणून कच्चं, हे खोटं.

बरं, भुश्याचं म्हणाल तर पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंदासारखं रसायन एकत्र दाबून केलेली फळी. तिचा स्वभाव ओळखून वागलं तर ती इमानदार असते. वरून सरळ येणारं वजन ती मुकाट्यानं पेलते. तिचं वैर दोन गोष्टींशी. एक पाणी. कडेची पट्टी सुटून आत ओल शिरली, की फळी लापशीसारखी फुगते आणि पुन्हा बसत नाही. म्हणून पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून ती दूर हवी. दुसरं वैर स्क्रू काढून-घालण्याशी. सागवानात स्क्रू पुन्हा पिळता येतो. इथे दोन-तीनदा काढलात, की भोक मोठं होतं आणि स्क्रू पाहुण्यासारखा नुसता टेकून बसतो. (माझी डावी फळी आठवा.) आणि पाठीमागचा तो पातळ पुठ्ठ्यासारखा पत्रा! त्याला पुष्कळ लोक शोभेचा समजून अर्ध्या खिळ्यांवर भागवतात. वास्तविक कपाटाला तिरकं होऊ न देणारा तोच असतो. चार फळ्यांची चौकट त्याच्याशिवाय आगपेटीच्या कव्हरासारखी डुलते. हे सगळं नीट केलं, तर सात हजारांचं कपाट बाळाची झबली सुखानं सांभाळतं.

पण सांभाळणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. पडायचं की नाही हे लाकडाच्या जातीवर ठरत नाही. उंची किती, पाया मागे-पुढे किती रुंद आणि वजन कुठे आहे, यावर ते ठरतं. भरलेले ड्रॉवर बाहेर ओढले, की वजन पुढे सरकतं. त्यात मूल लोंबकळलं, की ते पुढच्या पायांच्याही पुढे जातं, आणि मग कपाटाला नमस्कार घालण्यावाचून गत्यंतर नसतं. सागवानालाही हाच नियम. यंदा गणपतीला चिपळूणला गेलो तेव्हा त्या ऐतिहासिक कपाटाची मी परीक्षा घेतली. खालचा जड खण बाहेर ओढला, दोन्ही दारं उघडली, आणि एका दारावर हातानं जरासा भार दिला. कपाटाचे मागचे पाय जमीन सोडू लागले. अण्णा ओरडत धावले आणि आम्ही दोघांनी ते धरलं. पुढच्या पायांखाली आजवर घडी घातलेला पुठ्ठा होता, तोही सटकला. "चार गडी लागतात हलवायला," मी दम खात म्हटलं, "पाडायला मात्र एक नात पुरे." सासरे पहिल्यांदाच गप्प झाले. भुश्याचं पडलं तर निदान वजनाला हलकं. सागवान अंगावर आलं तर ते तीन पिढ्यांच्या वजनानं येतं.

तेव्हा सागवान-पक्ष आणि भुसा-पक्ष दोघांनीही आता तलवारी म्यान कराव्यात, आणि आपल्या पणज्यांकडे पाहावं. जुन्या वाड्यात कपडे कुठे ठेवत? फडताळात. दिवा कुठे? कोनाड्यात. पगडी? खुंटीवर. फडताळ म्हणजे भिंतीच्या पोटातलंच कपाट. ते अंगावर पडायचं तर अख्खी भिंत पडावी लागेल. आणि बाळ? बाळ पाळण्यात, आणि पाळणा तुळईच्या कडीला! पाळण्याला स्वतःच्या पायांवर उभं राहायला कुणी सांगितलंच नाही. आपल्या पूर्वजांचा फर्निचरवर विश्वास नव्हता, घरावर होता. चार पायांवर उभं राहणारी उंच आलमारी मागाहून आली. तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. म्हणजे भिंतीला कपाट बांधणं हे परदेशी खूळ नाही. आपलीच रीत आपल्याला एका पिशवीत घालून परत मिळाली, आणि मी ती बिस्किटांच्या डब्यात टाकली.

तर स्वस्तातल्या कपाटाचा जामीनदार म्हणजे भिंत. कर्जदार ऐपतीनं लहान असला म्हणून आम्ही त्याला हाकलून देत नाही. चांगला जामीनदार आण म्हणतो. गरिबाचं कपाट असंच. त्याला उभं राहायचा हक्क आहे, पण जामीनदाराची सही झाल्यावर. माझा संताप एवढ्याचसाठी, की ही सही घेतल्याशिवाय कर्ज वाटलं जातं आहे. कंपनी म्हणते, जामीनखत पिशवीत आहे, तुम्हीच भरून घ्या. मालक म्हणतो, भिंत माझी आहे, ती सही करणार नाही.

नुसतं किट देऊन भागत नाही याचा दाखला अमेरिकेत आहे. ड्रॉवरची कपाटं अंगावर पडून तिथे लहान मुलं दगावली, तेव्हा २०१५ साली आयकिया या जगप्रसिद्ध कंपनीनं भिंतीला बांधायचं सामान लोकांना फुकट देऊ केलं. (माझं कपाट त्यांचं नव्हे, हे इथे नोंदवतो.) फुकट! आपल्याकडे फुकट म्हटलं तर लोक जुलाबाचं औषधही घेतील. पण सामान घेणं वेगळं आणि भिंतीला भोक पाडणं वेगळं. पुरेशा लोकांनी ते केलं नाही, आणि जून २०१६ मध्ये कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. पुढे २०२२ च्या अखेरीस तिथे कायदा झाला, आणि सप्टेंबर २०२३ पासून कपड्यांच्या कपाटांना सक्तीची परीक्षा आली. ड्रॉवर भरलेले, ते उघडे, खाली गालिचा, आणि वर सुमारे २७ किलोचं मूल लोंबकळतं आहे असं धरून कपाट उभं राहिलं पाहिजे. म्हणजे कर्जदारही सक्षम हवा, आणि जामीनदारही हवा. यालाच बँकिंग म्हणतात.

घरमालकांसाठीही दाखला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१५ साली भाड्याच्या घरात कपाट पडून एक मूल गेलं. त्यानंतर २०१९ साली तिथे कायदा झाला, की मुलाच्या सुरक्षिततेसाठी भाडेकरूनं कपाट भिंतीला बांधायला परवानगी मागितली, तर मोजक्या कारणांखेरीज मालकाला नाही म्हणता येणार नाही. जाताना भिंत दुरुस्त करून द्यायची, झालं!

म्हणून माझ्या मागण्या ऐका. पहिली: मुलांच्या खोलीचं म्हणून जे कपाट विकाल ते ड्रॉवर उघडे असताना, मूल चढलेलं असताना उभं राहील असंच बनवा. पायाची रुंदी चार बोटं वाढवा, किंवा एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल अशी कळ बसवा. दुसरी: भिंतीला बांधून दिल्याशिवाय माल पोचला असं म्हणू नका. ड्रिल घेऊन माणूस पाठवा आणि किमतीत दोनशे रुपये वाढवा. सहा हजार नऊशे नव्व्याण्णवची नव्व्याण्णवगिरी बिघडेल, बिघडू द्या. तिसरी: भाडेकरारातल्या खिळ्याच्या कलमाखाली एक ओळ घाला, 'मुलांच्या सुरक्षिततेची भोकं वगळून.' आणि चौथी मागणी माझ्यासारख्या बापांकडे. पुस्तकाचं सव्विसावं पान आधी उघडा. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, कपाटावर टी.व्ही. किंवा मुलाला हवंहवंसं वाटेल असं खेळणं ठेवू नका, आणि उरलेली पिशवी डब्यात टाकू नका. पिशवी उरली याचा अर्थ काम उरलं.

माझ्या बाबतीत शेवट गोड झाला. मालकांना मी खाली बोलावलं. म्हटलं, "काका, फक्त बघा." कपाट धरून मी मागे उभा राहिलो. कन्या कुणाच्या परवानगीची वाट बघत नाहीच, ती थेट पहिल्या ड्रॉवरमध्ये शिरली आणि दुसऱ्याला हात घातला. कपाट तसूभर पुढे आलं. ते काका, सांध्यांचं दुखणं असलेले, एका उडीत पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिला उचलून घेतलं. मग बराच वेळ तिला कडेवर घेऊन भिंतीकडे पाहत राहिले. म्हणाले, "ड्रिल माझ्याकडे आहे. भोकं मीच पाडतो. तुम्ही पाडलीत तर चार ठिकाणी पाडाल." कलम चौदा करारात अजून आहे. कपाट भिंतीला आहे.

आणि परवाची गोष्ट. काउंटरवर एक निवृत्त मास्तर भाच्याच्या कर्जाला जामीन राहायला आले होते. मी सवयीनं बोट ठेवलं, "इथे सही करा." त्यांनी पेन उघडलं. मला काय झालं कोण जाणे, मी तो कागद उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. भाच्यानं हप्ते थकवले तर ते मास्तरांच्या खात्यातून वसूल होतील, ही ओळ दोनदा. मागे रांग खवळली. मास्तरांनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "उद्या येतो. घरी विचारून." भाचा माझ्याकडे असा पाहत होता, की काच मध्ये होती म्हणून वाचलो.

हेडकॅशिअर उठून आले. म्हणाले, "अहो, असं प्रत्येकाला मागचं पान वाचून दाखवायला लागलात, तर बँक चालायची कशी?"

मी म्हटलं, "चालायचं मला माहीत नाही, साहेब. पण उभी राहील."